तो डाग भरून येईल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पेशंट मशीनमध्ये होता, तुम्ही काचेपाशी उभे राहून माझ्या स्क्रीनकडे बघत होतात. "ते पांढरं दिसतंय ते भरून येईल ना हो?" मी म्हणालो, "रिपोर्ट डॉक्टर सांगतील." मी एमआरआयचा टेक्निशियन, निदान सांगणं माझं काम नाही आणि तो नियम योग्यच आहे. पण चौदा वर्षांत हा प्रश्न इतक्या जणांनी इतक्या काकुळतीनं विचारलाय की एकदा नीट बसून उत्तर द्यावं असं फार दिवस मनात होतं.

आधी ते पांढरं म्हणजे काय ते सांगतो. मेंदूचा झटका, म्हणजे पक्षाघात, आल्यावर पहिल्यांदा बहुतेक ठिकाणी सीटी स्कॅन करतात, म्हणजे एक्स-रेनं मेंदूचे काप दाखवणारी तपासणी, कारण सीटीत ताजं रक्त पांढरंशुभ्र उठून दिसतं आणि रक्तस्राव आहे की नाही हे लगेच कळतं. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या डोक्याचा सीटी निघाला. पण रक्तस्राव नसून रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकलेली असेल, तर पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा साधाच दिसतो. एमआरआय पाहतं ते पाणी. डिफ्यूजन नावाचा एक सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा एक प्रकार, असतो, जेमतेम दीड-दोन मिनिटांचा. मेंदूतलं पाणी किती मोकळं हलतंय ते तो मोजतो. रक्त थांबलं की पेशींचे पंप बंद पडतात, पेशी फुगतात, पाण्याला हलायला जागा राहत नाही आणि तेवढा भाग पांढरा चमकतो. तुम्ही पाहिलंत ते हेच.

ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. हे मी गुळमुळीत करून सांगणार नाही. कातडीच्या पेशी विभागतात, म्हणून खरचटलेलं भरतं. पूर्ण वाढलेली चेतापेशी, म्हणजे मेंदूतली संदेश नेणारी पेशी, विभागत नाही. स्मरणाशी संबंधित एका लहानशा भागात मोठेपणीही नव्या पेशी तयार होतात का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण झटक्यानं पडलेलं खिंडार त्यातून बुजत नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी जातात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. "सकाळी बघू" म्हणून रात्र काढलेली माणसं मी आठवड्याला पाहतो, आणि दर वेळी पोटात कालवतं.

मग पुढचा प्रश्न येतो : हाताची नस तुटली तर ती जोडते, मेंदूची का नाही? आपण नस म्हणतो त्यात रक्तवाहिनीही आली आणि मज्जातंतूही. माझंच सांगतो. खिडकीची काच लागून माझ्या मनगटातला मज्जातंतू तुटला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. सर्जननं तो शिवला आणि सांगितलं, रोज अंदाजे एक मिलिमीटर वाढेल. मी रोज रात्री तळहातावर टिचक्या मारत बसायचो. जिथं मुंग्या यायच्या तिथं पेनानं ठिपका. ठिपके हळूहळू बोटांकडे सरकत गेले. सहा महिन्यांनी शर्टाचं बटण बोटांना जाणवलं.

तिथं पेशी मेलेली नव्हती; तिचा फक्त लांब धागा तुटला होता. शिवाय हातापायांतल्या धाग्यांभोवती श्वान या शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या पेशींचं आवरण असतं. त्या मोडतोड साफ करून नव्या धाग्याला वाट करून देतात. मेंदू आणि मज्जारज्जूत आवरण वेगळ्या पेशींचं. त्यात 'पुढं वाढू नको' असं सांगणारी प्रथिनं असतात, हे मार्टिन श्वाब या संशोधकानं झुरिकमध्ये दाखवलं. वर जखमेभोवती व्रण तयार होतो, तोही वाट अडवतो. त्याआधी, १९८१ साली, माँट्रियलमध्ये अ‍ॅल्बर्ट अग्वायो आणि सॅम्युएल डेव्हिड या संशोधकांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मेंदू-मज्जारज्जूत पुलासारखा बसवला, तर तिथल्या चेतापेशींचे धागे त्या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर वाढत गेले. म्हणजे वाढायची धमक त्या पेशींत पूर्ण मेलेली नसते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

माणसात असा पूल अजून रोजच्या उपचारात आलेला नाही. आज जे हाती आहे ते उरलेल्या पेशींचं काम. फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून कुठला भाग कामाला लागलाय ते दाखवतं. सावरणाऱ्या पेशंटमध्ये कधी डागाशेजारचा, कधी पलीकडच्या बाजूचा भाग हात हलवताना जागा झालेला दिसतो. फिजिओथेरपिस्ट एकच हालचाल शंभरदा करायला लावतात ती त्यासाठीच.

एक काका आले होते, उजवा हात लुळा. आत धातू चालत नाही, म्हणून डाव्या हातातली अंगठी सुनेनं साबण लावून काढली. चौदा महिन्यांनी परत आले. नव्या स्कॅनमध्ये डावीकडे त्याच जागी पाण्यानं भरलेली काळी पोकळी होती, भोवती व्रणाची पांढरी कड. काही भरून आलं नव्हतं. त्या दिवशी स्कॅनला आत जाण्यापूर्वी सून अंगठी काढायला पुढं झाली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. उजव्या हाताच्या दोन बोटांनी ती फिरवत, थांबत, पुन्हा फिरवत त्यांनी काढली आणि माझ्यापुढच्या ट्रेमध्ये ठेवली.