पेंडलटनचे दोन तुकडे

अमेरिकेतल्या केप कॉडला जाणाऱ्यांच्या यादीत व्हेल मासे आणि लॉबस्टर रोल असतातच. आमचंही दोन्ही झालं, छान झालं. मला लिहायचंय ते ऑर्लीन्स गावच्या रॉक हार्बरबद्दल. तिथे धक्क्याला एक पांढरी लाकडी होडी बांधलेली असते, तिच्यावर ३६५०० हा आकडा. सूर्यास्त बघायला ही गर्दी, होडीपाशी आम्ही आणि आणखी दोघंतिघं.

१८ फेब्रुवारी १९५२. पहाटेच्या वादळात 'पेंडलटन' नावाचा तेलाचा टँकर चॅटहॅमजवळच्या समुद्रात मधोमध तुटला. संध्याकाळी तटरक्षक दलाचा बर्नार्ड वेबर तीन साथीदारांसह याच होडीतून निघाला. वाळूचा दांडा ओलांडताना लाटेने पुढची काच फोडली, होकायंत्र गेलं. तरी टँकरच्या मागच्या तुकड्यावरचे ३२ जण घेऊन तो परत आला. होडी ३६ फुटांची, आणि आत ३६ माणसं.

मामांची उभी हयात टँकरच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यांनी होडीच्या काठावर हात ठेवला आणि वेगळंच विचारलं, "पुढच्या तुकड्यात किती होते रे?"

"आठ. कॅप्टनसकट. एकही वाचला नाही."

"वाचणार कसे? वायरलेस पुढे, जनरेटर मागे. एसओएस देणार कोण?"

टी-टू जातीच्या टँकरची रचनाच तशी. ब्रिज, म्हणजे जहाज हाकायची जागा, मध्यावर, इंजिन पार मागे, आणि जहाज तुटलं ते दोन्हींच्या मधे. मागच्यांकडे दिवे होते, भोंगा होता. पुढच्यांकडे नुसता काळोख. होडीतल्या चौघांच्या धैर्यापुढे मी मान तुकवतो, पण या आठ जणांबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. पेंडलटन १९४४ साली पोर्टलंडच्या कायझर गोदीत बांधलेलं. युद्धाला तेल हवं होतं, म्हणून असे पाचशेच्या वर टँकर भराभर वेल्डिंग करून पाण्यात सोडले. पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं. रिव्हेटच्या जोडावर भेग बहुधा थांबते, वेल्डिंगमध्ये ती एका प्लेटमधून दुसरीत धावत सुटते. याच जातीचं 'स्केनेक्टडी' जानेवारी १९४३ मध्ये शांत पाण्यात, धक्क्याला उभं असतानाच दुभंगलं होतं. म्हणजे रोग ठाऊक होता! युद्ध संपून सात वर्षं झाल्यावरही तीच जहाजं ऐन हिवाळ्यात उत्तरेला पाठवायची? पेंडलटनमध्ये होतं केरोसीन आणि घरं गरम ठेवायचं तेल, बॅटन रूजहून बॉस्टनसाठी.

दुसऱ्या दिवशी चॅटहॅमच्या दीपगृहाशी गेलो. समोर गाडी अर्धा तासच लावू देतात, त्यात समुद्र काय बघणार? पेंडलटनचा मागचा तुकडा जवळच्या मोनोमॉय बेटापाशी रुतून वर्षानुवर्षं दिसायचा, १९७८ च्या वादळानंतर दिसेनासा झाला. मामांनी तरी तिकडेच डोळे लावले होते. सील बघणाऱ्यांच्या कलकलाटाचा मला फार राग आला.

परतताना सॅगमोर पुलाआधी गाड्यांची ही रांग. त्यात मी मामांना 'फोर्ट मर्सर'चं सांगितलं. तोही टी-टूच, त्याच दिवशी त्याच वादळात तुटलेला. त्याचा मागचा भाग ओढून आणला, नवा पुढचा भाग जोडला आणि 'सॅन जॅसिंटो' नावाने पुन्हा धंद्याला लावला. १९६४ मध्ये तोही तुटला.

"अशा जहाजावर तुम्ही साइन ऑन केलं असतंत?"

"केलं असतं की," मामा म्हणाले. "तुझी मामी, दोन पोरं, चाळीचं भाडं. जहाज कुठलं, हे विचारायची सोय कुठे होती?"