बेड अकराचा थंड घाम

जूनमधली धो धो पावसाची सकाळ, उत्तर गोव्यातल्या एका रुग्णालयाचा पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. रस्त्यावर झाड आडवं पडल्यामुळे नाश्त्याची गाडी अडकली होती. आठ वाजता आम्ही नाइटच्या सिस्टरकडून ओव्हर घेतली, म्हणजे पेशंटची माहिती आणि जबाबदारी. बेड अकराला पेडण्याकडचे साठीचे काका होते: मधुमेह, रक्तदाब, पायाला चिघळलेली जखम. सकाळची शुगर १६४, सात वाजता साखर उतरवणारं रेग्युलर इन्सुलिन १२ युनिट दिलेलं. नाश्ता साडेसातला येतोच, या हिशेबानं.

माझ्याबरोबरच्या सिस्टरला नोकरीत चौथा महिना लागला होता. ओव्हर संपली की औषधांच्या ट्रॉलीकडे न जाता आधी आपल्या आठही पेशंटना हात लावून यायचं, ही सवय मी तिला पहिल्या आठवड्यापासून लावली होती. कपाळ, मनगट, कॅन्युलाची (शिरेत बसवलेल्या नळीची) जागा बघायची. नाव विचारायचं आणि उत्तर कसं येतं ते ऐकायचं. कॅन्युलात ५ मिली सलाईन सोडून ती चालते का, सूज येते का, ते पाहायचं. पेशंटमागे दोन मिनिटं लागतात. कामं तुंबलेली असताना हीच दोन मिनिटं सगळ्यात आधी गाळली जातात.

अकराजवळ काकी घाबरून म्हणाल्या, "बाय, तो उलयना गो." म्हणजे, ते बोलत नाहीत.

पावसाळ्यात कोंदट वॉर्डात घाम सगळ्यांनाच येतो, आणि नव्या मुली इथेच फसतात. उकाड्याचा घाम गरम अंगावर असतो. काकांचं कपाळ थंड आणि चिकट होतं. ते रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल घ्यायचे. त्या गोळीमुळे साखर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते, घाम मात्र झाकला जात नाही. सिस्टरनं त्यांचं बोट कोरडं पुसलं आणि शुगर काढली: ४८, फारच कमी.

काकींच्या हातात साखरपाण्याचा पेला तयार होता. तिनं तो बाजूला ठेवायला लावला. पेशंट पूर्ण जागा असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून देणं, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, हाच पहिला उपाय. पण झापड असलेल्या माणसाच्या तोंडात काही घातलं तर ते फुफ्फुसात जातं. मग तिनं फोन लावला: "बेड अकरा, शुगर ४८, झापड आहे, गिळवत नाही. सातला रेग्युलर १२ युनिट दिलंय, नाश्ता झालेला नाही, व्हेन चालू आहे." डॉक्टरांना एकही उलट प्रश्न विचारावा लागला नाही. ऑर्डर तिनं मोठ्यानं परत म्हटली: २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायचं साखरेचं द्रावण), १०० मिली.

हे द्रावण दाट असतं. शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते, म्हणून तिनं पुन्हा सलाईन सोडून पाहिलं आणि कॅन्युलाजवळ बोट ठेवून ते हळू सोडलं. सहा-सात मिनिटांत काकांनी डोळे उघडून बायकोला हाक मारली. पंधरा मिनिटांनी शुगर १२१.

मला सर्वात जास्त समाधान पुढच्या कामाचं वाटलं. आकडा वर आला की नवी सिस्टर सुटकेचा श्वास टाकून पुढच्या बेडकडे वळते. पण डेक्स्ट्रोजचा असर लवकर ओसरतो; रेग्युलर इन्सुलिनचा जोर मात्र दोन ते चार तासांनी सर्वाधिक असतो आणि ते सहा-आठ तास काम करत राहतं. तिनं नाश्त्याच्या गाडीची वाट न पाहता काकांना पेज आणि पाव मागवून दिला, एक वाजेपर्यंत दर तासाला शुगर काढली आणि प्रत्येक आकडा वेळेसकट तिथल्या तिथे लिहिला. लिहिताना तिचा हात कापत होता. तरी वेळा बरोबर होत्या, कारण ती प्रत्येक गोष्ट घड्याळाकडे बघून करत होती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वाधिक गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. आमच्याकडे इन्सुलिन नाही असा वॉर्डच नाही. दुपारी इनचार्ज सिस्टरशी बोलणं झालं. चूक नाइटच्या मुलीची नव्हती; इन्सुलिनची वेळ नाश्त्याला न बांधता घड्याळाला बांधली होती, ही चूक होती. आता रेग्युलर इन्सुलिनचा ट्रे नाश्त्याची ट्रॉली वॉर्डाच्या दारात आल्याशिवाय निघत नाही, आणि ट्रॉलीला उशीर झाला तर ओव्हर देताना तसं सांगायचं.

संध्याकाळची ओव्हर देताना ती पहिल्यांदा माझ्याकडे न बघता बोलली: "बेड अकरा, सकाळी शुगर ४८ झाली होती, आता १५२, रात्रीचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना विचारूनच द्या."