पल्ला लांबचा आहे

आमच्या मंडळीतली काही माणसं गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पहाटे कोल्हापुरातून पायी निघतात आणि शुक्रवारच्या दुपारच्या उपासनेला मिरजेत पोचतात. प्रोटेस्टंटांमध्ये अशी पायी यात्रा करायची रीत फारशी नाही. पण ज्या मुलखात आषाढीला पंढरपूर आणि चैत्रात जोतिबा, तिथं चालत जाऊन देवापुढं उभं राहणं कुणाला शिकवावं लागत नाही. यंदा मीही गेले. ईस्टरनंतर माझी एक किडनी धाकट्या भावाला द्यायची ठरली होती, आणि मला भीती वाटत होती.

तपासण्या जुळल्या होत्या. अवयव प्रत्यारोपणाच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे कागदपत्रं झाली होती. हॉस्पिटलात समोर बसवून विचारलं होतं, "कुणाचा दबाव नाही ना?" नव्हताच. आमच्या यांनी एवढंच म्हटलं होतं, "तू ठरवशील ते. मी सोबत आहे." घरी येणारा प्रत्येक जण मात्र प्रार्थना करून जाताना म्हणायचा, "घाबरू नका, प्रभू बळ देईल." आणि मी त्या बळाची वाट बघत बसायचे. रात्री गुडघे टेकायचे, सकाळी उठले की पोटात तोच गोळा. मला वाटायचं, बळ मिळालं की भीती जाईल. भीती जात नाही म्हणजे बळ आलेलं नाही. विश्वासच कमी पडतोय की काय, हा घोर त्यात आणखी.

वायल्डर मेमोरियल चर्चच्या आवारात पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि आम्ही अंधारातच निघालो. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले. तेव्हाचा रस्ता कसा असेल, हे पंचगंगेचा पूल ओलांडताना मनात आलं. आता शिरोलीपर्यंत ट्रकच ट्रक. सांगली फाट्याला वळल्यावर जरा मोकळं वाटलं. बायका गीतं म्हणत होत्या. हेर्ले येईपर्यंत ऊन चांगलंच चढलं.

मला सगळ्यात जड गेलं ते पाणी पिणं. भावाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळं दिवसाचं पाणी मापून. चहासुद्धा त्याच मापात. उन्हाळ्यात तो बर्फाचा खडा जिभेवर धरून बसायचा आणि आम्ही त्याच्यासमोर पाणी प्यायचं टाळायचो. वाटेत बाटली तोंडाला लावली की तो खडा आठवायचा. म्हणून मी कमी पीत होते. चोकाकच्या पुढं डोळ्यापुढं अंधारी यायला लागली, तेव्हा सोबतच्या एका मावशींनी मला रसवंतीच्या सावलीत बसवलं आणि रागावल्या, "तू न पिऊन त्याची तहान भागणार हाय व्हय?"

तिथंच जोतिबाला निघालेली माणसं टेकली होती. चैत्र पौर्णिमा यंदा गुड फ्रायडेला लागूनच होती. जोतिबाला न्यायची उंच सासनकाठी झाडाला टेकवलेली, कपाळं गुलालानं माखलेली. ते चालले होते कोल्हापूरच्या बाजूला, आम्ही उलटे. "कुठं निघालाय?" त्यांच्यातल्या एका आजोबांनी विचारलं. मिरजेला, चर्चला म्हटल्यावर ते सरकून बसले. "मग पायाला तेल लावा की. आमच्याकडं हाय." तेल दिलं, गूळ दिला, त्यांच्या कळशीतलं गार पाणी दिलं. मी पोटभर प्याले.

त्या सावलीत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलेलीच. राणीच्या भीतीनं पळालेला एलिया रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. देव त्याला उपदेश करत नाही, तू असं कसं बोलतोस म्हणून दटावत नाही. तो झोपतो. देवदूत त्याला उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून देवदूत म्हणतो, खा, तुला पल्ला लांबचा आहे. मी गुळाचा खडा चघळत ऐकत होते. एलियाला मिळालेलं बळ म्हणजे भाकर, पाणी, झोप आणि उठवायला आलेला कुणीतरी. मी मात्र छातीत एखादी वीज चमकेल म्हणून थांबले होते.

अतिग्रे, हातकणंगले. दुपार तिथंच काढली. पुढं निमशिरगावपर्यंतचं काही नीट आठवत नाही, नुसते पाय आठवतात.

जयसिंगपुरात एका कुटुंबाकडं मुक्काम होता. रात्री तिथंच प्रभुभोजन झालं, म्हणजे येशूच्या शेवटच्या रात्रीच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेतला. त्याआधी पाळकसाहेबांनी घमेल्यात कोमट मिठाचं पाणी घेतलं आणि आमचे पाय धुतले. येशूनं त्याच रात्री शिष्यांचे पाय धुतले होते, हे वचन मी किती वेळा ऐकलं असेल. पण फोड आलेल्या पायाला दुसऱ्याचा हात लागतो तेव्हा कळतं की ती नुसती नम्रतेची खूण नव्हती. त्या माणसांचे पाय खरोखर दुखत असणार.

मग लूकच्या शुभवर्तमानातल्या बावीसाव्या अध्यायातला गेथशेमानेचा, म्हणजे धरला जाण्याआधी येशूनं केलेल्या प्रार्थनेचा, भाग वाचला गेला. येशू गुडघे टेकून म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणं नको, तुझ्या इच्छेप्रमाणं होवो. मग स्वर्गातून एक दूत येऊन त्याला शक्ती देतो. आजवर मी इथं मनातल्या मनात थांबायचे, आता बरं झालं म्हणून. त्या रात्री पुढची ओळ कानात शिरली. दूत येऊन गेल्यावर येशू अधिकच व्याकूळ होतो, आणखी कळकळीनं प्रार्थना करतो, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडतो. म्हणजे शक्ती मिळाली आणि वेदना वाढली. आणि तरी तो उठला, झोपलेल्या शिष्यांना जागं केलं आणि धरायला आलेल्यांच्या समोर गेला. देवाच्या पुत्राची भीती गेली नाही, मग माझी न जाणं हा अविश्वास कसा? मी रडले. मावशी पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्या रात्री मला गाढ झोप लागली, पोटातल्या गोळ्यासकट.

शुक्रवारी उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलावरून कृष्णा पार केली. मिरज आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाणारं गाव आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये तिथं हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजीच्या तोंडी मिरज म्हणजे दवाखानाच. तिच्या माहेरची माणसं बैलगाडीत गादी घालून तिकडं जायची. आम्ही लंगडत पोचलो तेव्हा उपासना सुरू होत होती. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. पाचव्याला, "मला तहान लागली आहे," मला दुसरं काही सुचलंच नाही. भावाचं नाव घेतलं आणि बसून राहिले.

ऑपरेशनला आत नेताना मला भीती वाटत होतीच. हात थरथरत होते, आणि एका सिस्टरनं ते धरून ठेवले. किडनी दुर्बिणीतून काढली, त्यामुळं टाके थोडेच. दुखलं मात्र भरपूर.

दुसऱ्या दिवशी भावाच्या वॉर्डातून यांच्या फोनवर त्याचा फोन आला. आवाज बारीक, पण घाई फार. "ताई, लघवी सुरू झालीय. डॉक्टर म्हणतात पाणी पी, तीन लिटर पी. दुसरा तांब्या चाललाय माझा." पुढच्या गुड फ्रायडेला हातकणंगल्यापर्यंत तरी येतो म्हणतोय. त्याच्या डॉक्टरांनी अजून हो म्हटलेलं नाही.