हेडफोन उलटा घालून बघितला तेव्हा

माझं काम घरोघरी जाऊन टीव्ही, साउंडबार आणि गेमचा कन्सोल एकमेकांशी जुळवून देण्याचं. दुकानाचा माणूस येतो, वायरी खोचतो, पडद्यावर चित्र आलं की सही घेऊन जातो. नुसतं चित्र येणं वेगळं आणि बरोबर चित्र येणं वेगळं. ते बरोबर करून घ्यायला लोक मला बोलावतात. प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात फेब्रुवारी २०२१मध्ये आला, त्यानंतर घोडबंदर रोडच्या टॉवरांतून असे फोन फार वाढले.

मानपाड्याच्या एका घरून वडिलांचा फोन आला तो चार तक्रारी घेऊनच. गेममध्ये चित्र काळोखं दिसतं. साउंडबारचा आवाज चित्रानंतर उशिरा येतो. हेडफोन एकाच बाजूने वाजतो, दुसरा आणला तर तोही तसाच. आणि खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीत आवाजाची तक्रार केली आहे. पहिला हेडफोन दुकानदाराने तपासून ‘ठीक आहे’ म्हणून परत दिला होता. घरच्यांना वाटलं, तो हात झटकतोय.

मेट्रोच्या कामामुळे कापूरबावडीपासूनच गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या, त्यामुळे पोहोचेपर्यंत दुपार कलली. हॉल येऊरच्या डोंगराकडे तोंड करून, म्हणजे पश्चिमेला. ऊन थेट टीव्हीवर. घरी आई, आजोबा आणि सहावीतला मुलगा. वडील ऑफिसात.

मी आधी कन्सोलमधलं ‘व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन’ हे पान उघडतो. कन्सोल या घडीला टीव्हीला नक्की काय पाठवतोय आणि टीव्ही काय काय घेऊ शकतो, ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. तिथे एचडीआर (उजेड-काळोखातल्या जास्त छटा दाखवणारं चित्र) नाही असं दिसलं. टीव्हीच्या खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत एचडीआर होतं. कारण नेहमीचंच. बऱ्याच टीव्हींत एचडीएमआयचं (चित्र आणि आवाज नेणाऱ्या वायरीचं) पोर्ट मुळात साध्या सिग्नलवर ठेवलेलं असतं आणि ते मेनूत जाऊन वाढवावं लागतं. एका कंपनीत त्या सेटिंगचं नाव एक, दुसऱ्या कंपनीत दुसरंच. हे माहीत नसलं की माणूस वर्षानुवर्षं अर्ध्याच रंगांत खेळत राहतो, आणि याची मला खरोखर चीड येते. पैसे पूर्ण मोजलेले असतात हो.

काळोखाचं कारण वेगळं निघालं. मुलाने कुठलासा व्हिडिओ बघून कन्सोलची आरजीबी रेंज, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचं माप, ‘फुल’ केली होती, टीव्ही ‘लिमिटेड’वर होता. फुलमध्ये काळा रंग ० वर आणि पांढरा २५५ वर असतो. लिमिटेडमध्ये काळा १६ वर, पांढरा २३५ वर. त्यामुळे कन्सोल ० ते १६ मधल्या ज्या गडद छटा पाठवत होता, त्या सगळ्या टीव्हीला सारख्याच काळ्या वाटत होत्या. गुहेतला दगड, झाडाखालची सावली, कोपऱ्यात दबा धरून बसलेला शत्रू, सगळं एकच डांबर. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि दगडावरच्या भेगा दिसायला लागल्या. मुलगा जागचा उठून पडद्याजवळ गेला.

त्यानंतर टीव्हीचा गेम मोड (बटण दाबल्यावर चित्र लगेच हलावं यासाठीचा) चालू केला आणि मगच एचडीआर जुळवायला घेतलं. हा क्रम मी कधी मोडत नाही. प्रत्येक पिक्चर मोड उजेड आपापल्या पद्धतीने हाताळतो, म्हणून एचडीआर आधी जुळवून गेम मोड नंतर लावला तर आधीची मेहनत पाण्यात. कन्सोलवर एकामागून एक तीन पडदे येतात आणि प्रत्येकावर सूर्याचं चिन्ह असतं. पहिल्या दोनांत सर्वांत जास्त उजेड ठरतो, तिसऱ्यात सर्वांत गडद काळा. चिन्ह जेमतेम दिसेल इथवर आणून सोडायचं. एचडीआर ‘नेहमी चालू’ न ठेवता ‘सपोर्ट असेल तेव्हाच’ केलं, नाहीतर साधे गेमही ओढूनताणून एचडीआरमध्ये दिसतात आणि त्यांचे रंग बिघडतात. पडदा ओढून घेतला. एचडीआरमधला उजेड ठरलेल्या मापाने येतो, भर उन्हात तो फिकाच पडणार, हेही आईला सांगून ठेवलं.

हे जुळवताना कंट्रोलर मी हातात ठेवत नाही. जो रोज खेळणार त्यानेच, तो रोज बसतो त्याच जागी बसून करायचं. डोळे त्याचे, जागा त्याची. मुलगा सोफ्याच्या पार डाव्या टोकाला जाऊन बसला. मान किंचित डावीकडे वळवलेली, उजवा खांदा पुढे. उन्हाची तिरीप टाळायला तसं बसायची सवय लागली असेल, असं मला वाटलं.

आवाजाकडे वळलो. साउंडबारची एचडीएमआय वायर साध्या पोर्टात खोचलेली होती. त्यातून काही वाजेना म्हणून कुणीतरी तो ब्लूटूथने जोडून दिला होता. ब्लूटूथने आवाज उशिरा पोहोचतो. सिनेमात टीव्ही चित्रही तेवढंच मागे धरून दोन्ही जुळवू शकतो. गेममध्ये ते चालत नाही, कारण चित्र मागे धरलं तर बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलेल. म्हणून आधी गोळी सुटताना दिसायची आणि मग धाड् व्हायचं. वायर ‘ई-आर्क’ लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवणाऱ्या पोर्टात घातली, टीव्हीचा डिजिटल आवाज ‘पास-थ्रू’ (न बदलता पुढे सोडायचा) केला, कन्सोलला सांगितलं की पलीकडे साउंडबार आहे आणि फॉरमॅट ‘लिनियर पीसीएम’ (न दाबलेला आवाज) निवडला. टीव्हीला ई-आर्क नसून नुसतं आर्क (त्याचीच जुनी आवृत्ती) असेल तर पीसीएमचे दोनच चॅनेल जातात; तिथे मी डॉल्बी (दाबून पाठवलेला आवाज) निवडतो, म्हणजे निदान ५.१, म्हणजे पाच बाजूंचा आवाज आणि वेगळा खर्ज, तरी मिळतं.

सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, कोपऱ्यात, उघड्या लादीवर. कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि लादीतून स्लॅबमध्ये उतरतो, मग खालच्यांच्या छताला धडका बसतात. तो भिंतीपासून पुढे ओढला, खाली जाड रबराचा तुकडा घातला आणि साउंडबारचा नाइट मोड (मोठे आवाज दबवणारा) दाखवून दिला.

“सबवूफरचं ठीक आहे दादा,” आई म्हणाली, “पण हा आवाजच इतका मोठा करतो की मला आत कुकरची शिट्टी कळत नाही. कमी केला की म्हणतो ऐकू येत नाही.”

“लक्ष नसतं त्याचं,” आजोबा म्हणाले. “मी हाक मारली तर भलतीकडेच बघतो.”

राहिला हेडफोन. कंट्रोलरला लावून आधी मी घातला आणि डावा-उजवा तपासायची क्लिप वाजवली. दोन्ही बाजू स्वच्छ. मग प्लेस्टेशनचं थ्रीडी ऑडिओ (आवाज चहूबाजूंनी येतोय असं भासवणारी सोय) प्रोफाइल उघडलं. त्यात तेव्हा पाच पर्याय ऐकवायचे आणि जो आवाज बरोबर आपल्या कानाच्या उंचीवर वाटे, तो निवडायचा असे. हेही ज्याचं त्यानेच करायचं, कारण कानाच्या पाळीचा आणि डोक्याचा आकार प्रत्येकाचा निराळा. हेडफोन मुलाच्या हातात दिला. त्याने पाचही ऐकले, पुन्हा ऐकले.

“काका, सगळे सारखेच आहेत. सगळे इकडूनच येतात.” त्याने उजव्या कानाला बोट लावलं.

मी हेडफोन काढून परत स्वतःच्या कानाला लावला. डावी बाजू व्यवस्थित वाजत होती. मग तो उलटा करून त्याला घातला, आता डावा स्पीकर त्याच्या उजव्या कानावर होता. क्लिप पुन्हा लावली. त्यात आधी ‘लेफ्ट’ असं ऐकू येतं, मग ‘राइट’. ‘लेफ्ट’ झालं आणि त्याने मान डोलावली. ‘राइट’ झालं तेव्हा तो तसाच माझ्याकडे बघत राहिला, पुढचं काही ऐकू येण्याची वाट बघत. त्याच्या डाव्या कानाशी तो शब्द मला बाहेरून ऐकू येत होता.

हेडफोनमध्ये दोष असता, तर उलटा घातल्यावर मुकी बाजू उजव्या कानावर आली असती. ती डावीकडेच राहिली. दुसऱ्या हेडफोनवरही तेच झालं.

त्याच्यासमोर मी काही बोललो नाही. टीव्हीमागची वायर बांधायला रबरबँड मिळेल का, असं विचारत आईबरोबर आत गेलो. म्हटलं, “ताई, हेडफोन दोन्ही चांगले आहेत. मी डॉक्टर नाही, पण त्याचा डावा कान एकदा दाखवून घ्या. नुसता मळ असला तर लगेच निघेल. पण दाखवा नक्की, या आठवड्यातच.”

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग एकेक आठवायला लागल्या. फोन तो कायम उजव्या कानाला लावतो. उजव्या कुशीवर झोपला की गजराने उठत नाही. रस्त्यात डावीकडून चालणाऱ्याने काही विचारलं तर उत्तर देत नाही. मागच्या वर्षी गालगुंड झालं होतं, चार दिवसांत उतरलं, त्यानंतर कान दुखतो असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

मला ती दुपार पुढे बरेच दिवस सोडेना. त्या मुलाने आवाज वाढवण्यामागचं कारण आता सरळ दिसत होतं. आवाज कुठून आला हे आपल्याला कळतं, ते दोन कानांत तो पोहोचण्याच्या वेळेत आणि जोरात फरक पडतो म्हणून. वेळेचा फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू तो पकडतो. एकच कान चालत असेल तर हा हिशेबच होत नाही. गेममध्ये पावलं कुठून वाजतायत ते कळत नाही, म्हणून पोरगं आवाज वाढवत जातं, आणि कितीही वाढवला तरी दिशा सापडत नाही. शांत घरात समोरून बोललेलं मात्र एका कानानेही नीट ऐकू येतं. बोलणं चांगलं, मार्क चांगले. मग शंका यायची कुणाला?

काही दिवसांनी आईचा फोन आला. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) झाली. डाव्या कानाची नस गेलेली आहे, मळ वगैरे काही नव्हता, उजवा कान उत्तम आहे. डॉक्टरांच्या मते गालगुंडामुळेच झालं असावं. त्या आजारात क्वचित एका कानाची श्रवणशक्ती अशी गुपचूप जाते. राष्ट्रीय लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मिळते, पण गालगुंडाची त्यात नाही. ती एमएमआर या गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीत असते आणि खासगी डॉक्टरांकडून घ्यावी लागते. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि त्याच संध्याकाळी मी भावाला फोन करून त्याच्या मुलीचं लसीकरणाचं कार्ड बघायला सांगितलं.

त्यांनी मला परत बोलावलं होतं. या वेळी वडीलही घरी होते. डॉक्टरांनी चांगला कान जपायला बजावलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आहे आठवड्याला ४० तास, तीही ७५ डेसिबलच्या आत. मोबाइलवर डेसिबल मोजून (हे माप ढोबळच असतं) मी त्याच्या सोफ्याच्या जागेवरून साउंडबारची वरची खूण ठरवून दिली.

हेडफोनसाठी थ्रीडी ऑडिओ बंद केला आणि ‘मोनो ऑडिओ’ चालू केला. मार्च २०२२च्या अपडेटपासून प्लेस्टेशन ५मध्ये ही सोय आहे. डावीकडचा आवाजही मग उजव्या कानात येतो, निदान काही हुकत नाही. दिशा मात्र त्यात उरत नाही, ती डोळ्यांनी मिळवावी लागते. तो फोर्टनाइट खेळायचा. त्यात आवाज चित्ररूपाने दाखवायचं सेटिंग आहे: पावलं, गोळीबार, खजिन्याची पेटी, जे वाजेल त्याची खूण पडद्याच्या मध्याभोवती, ज्या दिशेला असेल त्या बाजूला उमटते. ते चालू केलं. इतर गेममध्ये सबटायटल्स लावली, अक्षरं मोठी केली. साउंडबारवर मधल्या चॅनेलचा आवाज दोन पायऱ्या वर घेतला, कारण संवाद तिथूनच येतात.

पहिला डाव सुरू झाला. पडद्यावर डावीकडे पावलांची खूण आली आणि मुलाने तिकडे वळून बघितलं. तिथे खरंच कुणीतरी होतं. “बाबा, हा बघा, डावीकडे!” तो ओरडला. वडील त्याच्या उजव्या बाजूला बसले होते; ती जागा आता घरात ठरून गेली होती. शाळेतही बाक बदलून घेतला होता. फळ्याकडे तोंड केलं की डाव्या हाताला भिंत येईल असा, म्हणजे उजवा कान सगळ्या वर्गाकडे.

साउंडबारचे मागचे दोन स्पीकर ठेवायचे का, असं वडिलांनी निघताना विचारलं. मी सांगितलं, सिनेमा तुम्ही सगळे बघता, तेव्हा राहू द्या. तो खेळत असेल तेव्हा बंद करा. सबवूफरला मात्र आता हात लावू नका. खालच्यांची पुन्हा तक्रार आली नव्हती.