जावा इथे आहे, पण दिसत नाही

आमची पुण्यातली कंपनी लहान आहे. साखर कारखान्यांसाठी ऊस नोंदणीपासून शेतकऱ्याच्या बिलापर्यंतचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. त्यातला पंधरवड्याची बिलं काढणारा प्रोग्रॅम जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आणि एकाच जार फाइलमध्ये, म्हणजे जावाच्या गाठोड्यात, बांधलेला आहे. वजनकाट्यावरच्या पावत्या उचलायच्या, टनामागे दर लावायचा, सोसायटीच्या कर्जाची कपात करायची आणि बँकेला द्यायची यादी तयार करायची, हे त्याचं काम. ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावे लागतात. त्यामुळे ही यादी एक रात्र जरी लांबली, तरी सकाळी कारखान्याच्या दारात माणसं उभी राहतात, आणि त्यांचं उभं राहणं रास्त असतं.

इतकी वर्षं ही जार एका जुन्या सर्व्हरवर, ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या क्रॉनने चालायची. तो सर्व्हर एकाच हंगामात दोनदा बसला. मग कारखान्याने तीन नवे लिनक्स सर्व्हर घेतले आणि आम्ही त्यांवर नोमॅड बसवायचं ठरवलं. नोमॅड हा हॅशिकॉर्पने २०१५ साली आणलेला शेड्युलर. कोणतं काम कोणत्या यंत्रावर चालवायचं ते तो ठरवतो, आणि एखादं यंत्र पडलं तर काम दुसऱ्यावर नेतो. कुबरनेटिस हा अशाच कामाचा दुसरा शेड्युलर घ्यायचा तर आधी प्रत्येक प्रोग्रॅमची कंटेनर इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र) बांधा. नोमॅडकडे जावासाठी वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रकारचं काम चालवणारा भाग, आहे. जार कुठून आणायची, जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) कोणते पर्याय द्यायचे, मेमरी किती, एवढं लिहून दिलं की तो जार तशीच चालवतो. चार माणसांच्या आमच्या चमूला हे फार सोयीचं होतं.

गेल्या हंगामात जानेवारीतल्या एका सोमवारी मी कारखान्यावर गेले. रात्री दोनला नव्या यंत्रांवर पहिल्यांदा खरी बिलं निघायची होती. हे सगळं सांगणारी जॉब फाइल पुण्यातच लिहून झाली होती. सकाळी दहाला ती चढवली आणि लगेच उत्तर आलं: ड्रायव्हर नाही, म्हणून तिन्ही नोड, म्हणजे तिन्ही सर्व्हर, वगळले.

संगणक विभागातले काका शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "अहो मॅडम, जावा आहे की! मीच टाकलंय." त्यांनी टर्मिनलवर जावाची आवृत्ती विचारली आणि ती लगेच छापून आली. काका खरं बोलत होते. फक्त ते जावा ऑप्ट डिरेक्टरीत होतं आणि तिथवरचा रस्ता त्यांच्या लॉगिनच्या पाथमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या यादीत, लिहिलेला होता. नोमॅडचा एजंट, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर चालणारा त्याचा प्रोग्रॅम, लॉगिन करत नाही, त्याला लिनक्समध्ये सेवा सुरू करणारं सिस्टमडी उठवतं, आणि सिस्टमडीचा पाथ वेगळा असतो. मी यूएसआर-लोकल-बिनमध्ये एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव, टाकली आणि एजंट पुन्हा सुरू केला. तिन्ही नोडवर जावाचा ड्रायव्हर दिसू लागला. अर्ध्या तासात सुटलं म्हणून मला बरं वाटलं.

पुढचे पाच तास मात्र पुरते खाल्ले गेले.

काम आता नोडवर जात होतं, पण सुरू होताक्षणी मरत होतं. संदेश असा: ऑप्टमधली जावाची फाइल या मार्गाखाली सापडली नाही. लिनक्सवर नोमॅडचा जावा ड्रायव्हर काम उघड्यावर चालवत नाही. प्रत्येक कामासाठी तो एक वेगळी डिरेक्टरी करतो, मूळ यंत्रातल्या ठरावीक डिरेक्टऱ्या तिच्यात आणतो आणि काम तिच्यात कोंडतो. ही क्रूट पद्धत. आत गेलेल्या प्रोग्रॅमला वाटतं की एवढंच जग आहे. आत काय न्यायचं त्याची एक ठरलेली यादी असते: बिन, एटीसी, लिब, लिब-६४, एसबिन, यूएसआर वगैरे. ऑप्ट त्या यादीत नाही. मी टाकलेली सिमलिंक यूएसआरमध्ये होती, पण ड्रायव्हर सिमलिंकचा माग काढत खऱ्या फाइलपर्यंत जातो आणि तोच पत्ता वापरतो. तो पत्ता ऑप्टचा, आणि आतल्या जगात ऑप्टच नाही.

एजंटच्या कॉन्फिगमध्ये ही यादी बदलता येते. मी तिथे एक ओळ लिहिली, ऑप्टमधलं जावा आत न्या, आणि एजंट पुन्हा उठवला. तरी काम मेलंच. या वेळी कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, जुनं ओळखीचं वाक्य आलं: अशी फाइल वा डिरेक्टरी नाही.

मी कामाच्या डिरेक्टरीत जाऊन पाहिलं. फाइल तिथे होती. नाव बरोबर, चालवायची परवानगी बरोबर. समोर दिसणारी फाइल नाही म्हणून कर्नल सांगत होता, आणि मी तासभर पथातली टायपो शोधत बसले. काकांनी चहा आणला, तो गार झाला.

उलगडा झाला तो डिरेक्टरीत काय आहे हे बघणं सोडून काय नाही हे बघितलं तेव्हा. लिब-६४ नव्हतं. यूएसआर नव्हतं. मी लिहिलेली यादी मूळ यादीत भर घालत नव्हती, तिची जागा घेत होती. हे दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे, मी घाईत वाचलं नव्हतं. जावाची फाइल आत पोचली होती, पण ती स्वतःच्या बळावर उठत नाही. तिला आधी डायनॅमिक लोडर, म्हणजे लागणाऱ्या लायब्ऱ्या जोडून देणारा छोटा प्रोग्रॅम, लागतो, आणि तो असतो लिब-६४ मध्ये. लोडर सापडला नाही की कर्नल "फाइल नाही" म्हणतो, पण कोणती नाही ते सांगत नाही.

मी ती ओळ काढून टाकली. काकांना विचारून जावा ऑप्टमधून उचललं, यूएसआर-लिबखाली जेव्हीएम डिरेक्टरीत ठेवलं आणि सिमलिंक तिकडे वळवली. मूळ यादी जशीच्या तशी राहिली. नोमॅड कामांच्या डिरेक्टऱ्या जिथे करतो ती आमची डेटा डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर आहे, तिथे हार्डलिंक (नक्कल न करता त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव) चालत नाही, म्हणून प्रत्येक कामाला अख्ख्या यूएसआरची नक्कल होते. डिस्क खाते, सुरू व्हायला वेळ लागतो. रात्री एकदा चालणाऱ्या कामाला ते परवडतं. दर मिनिटाला चालणारं काम असतं तर मी हा मार्ग घेतला नसता.

साडेतीनला जार पहिल्यांदा उभी राहिली. डेटाबेसच्या प्रतीवर पूर्ण पंधरवडा चालवून बघितला. अकरा मिनिटं सुरळीत गेली आणि काम मेलं. लॉगमध्ये एक ओळ नाही, जावाची कुठली तक्रार नाही. एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९: जबरदस्तीने बंद करणाऱ्या सिग्नल ९ ने मारलं.

जॉब फाइलमध्ये कामाची मेमरी १०२४ एमबी होती आणि जेव्हीएमच्या हीपची (जावा प्रोग्रॅमचा डेटा राहतो त्या जागेची) कमाल मर्यादाही १०२४. पुण्यात मला ते बरोबर वाटलं होतं. पण हीप म्हणजे अख्खी जेव्हीएम नव्हे. क्लासेसची माहिती ठेवणारं मेटास्पेस, कंपाइल झालेला कोड, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक, बफर, हे सगळं हीपच्या बाहेर असतं आणि कर्नल मोजताना सगळं मोजतो. जेव्हीएमच्या हिशेबाने हीपमध्ये अजून जागा होती, म्हणून ती गप्प राहिली. कर्नलच्या हिशेबाने मर्यादा ओलांडली होती, म्हणून त्याने तिला मारलं. मी कामाला २०४८ दिले आणि हीप १२८० वर बांधली.

यात एक गोष्ट माझ्या काळजाला लागली. बॅच काम, म्हणजे सुरू होऊन संपणारं काम, पडलं की नोमॅड ते आपण होऊन पुन्हा सुरू करतो, २४ तासांत तीनदा, १५ सेकंद थांबून. पैशांच्या बाबतीत हे भयंकर ठरू शकतं. आमची सगळी बिलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिली जातात, म्हणजे सगळी किंवा एकही नाही, म्हणून प्रतीवर एकही बिल दुबार आलं नाही. मी ते दोनदा मोजून पाहिलं. तरीही रीस्टार्ट शून्यावर आणला आणि दुसऱ्या नोडवर आपोआप नेणंही या एका जॉबपुरतं बंद केलं. बिलाचं काम पडलं तर माणसाने बघावं आणि मगच पुन्हा चालवावं.

रात्री दोन वाजता आम्ही दोघं स्क्रीनसमोर होतो. दोन वाजले, दोन वाजून पाच झाले. काहीच हललं नाही. काका काही बोलले नाहीत, हे मला जास्त लागलं. जॉबची स्थिती विचारली. पुढची वेळ: दोन वाजता, आणखी पाच तास पंचवीस मिनिटांनी. वेळापत्रकात टाइमझोन लिहिला नाही तर नोमॅड यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतो. माझे रात्रीचे दोन म्हणजे त्याच्या लेखी आमचे सकाळचे साडेसात.

एशिया-कोलकाता अशी ओळ घातली, जॉब पुन्हा नोंदवला आणि त्या रात्रीपुरता हाताने सोडला. दोन वाजून एकावन्न मिनिटांनी काम संपलं, एक्झिट कोड शून्य.

काकांनी यादी छापली, वरची पाच नावं निवडली आणि काट्याच्या पावत्या काढून कॅल्क्युलेटरवर एकेक बिल लावू लागले. टन, दर, कपात, खाली बेरीज. मी काही न बोलता बघत होते. पाचवं बिल पैशापर्यंत जुळलं, तेव्हा त्यांनी यादीवर सही केली.