उड्या मारताना लघवी गळते तेव्हा : माझा अनुभव

झुंबा लावला आणि पाळी नसतानाही पॅड लागायला लागलं. उडी मारली की थोडी लघवी व्हायची. जोरात शिंक आली तरी तेच. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या आमच्या बॅचमध्ये बहुतेकजणी चाळिशीच्या पुढेमागे. जंपिंग जॅक सुरू झाले की दोघीतिघींना हमखास तहान लागायची आणि त्या बाटली शोधायला जायच्या. त्या तहानेचं कारण मला आता कळलं.

"दोन बाळंतपणं झाली की व्हायचंच हे," जाऊबाई म्हणाल्या. सासूबाई शिंक येताना पायावर पाय टाकून गच्च उभ्या राहतात, हे लग्न झाल्यापासून बघत आले होते, त्याचाही उलगडा झाला. पण व्हायचंच म्हणून व्यायाम सोडायचा? वजन आणि साखर, दोन्हींसाठी तो मला डॉक्टरांनीच सांगितलेला.

स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आधी लघवी तपासून घेतली. संसर्ग नव्हता. मग टेबलावर झोपवून "आता जोरात खोका" म्हणाल्या. लाज वाटली, पण त्या एका खोकल्यात निदान झालं. अंग खाली आलेलं नाही, पोटात दाब वाढला की तेवढ्यापुरती लघवी गळते, म्हणाल्या आणि फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. मला वाटायचं, फिजिओ म्हणजे गुडघे नाहीतर कंबर.

त्या फिजिओ मॅडमनी चित्र काढून दाखवलं. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय, सगळ्यांना तिचाच आधार. बाळंतपणात ती ताणली जाते. पुढे वाढलेलं वजन, जुना खोकला, शौचाला कुंथणं, पाळी जाण्याचा काळ, यांची भर पडते. खोकताना, उडी मारताना वरून दाब येतो, त्याच क्षणी झोळीने आवळायला हवं. तिला ते जमलं नाही की गळती.

व्यायाम ऐकायला सोपा. गुडघे वाकवून उताणं झोपायचं, गॅस अडवतो तसं मागून आवळायचं, लघवी अडवल्यासारखं पुढूनही आणि सगळं आत, वर ओढायचं. माझं पोट, मांड्या, कुल्ले सगळे आवळले आणि श्वास बंद! मॅडम म्हणाल्या, "मोठ्याने आकडे मोजा." बोलताना श्वास रोखताच येत नाही, ही युक्ती मला फार आवडली. बऱ्याच बायका वर ओढायच्या ऐवजी खाली जोर देतात, त्याने उलट नुकसान होतं. काहींचे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. म्हणून एकदा तपासून घेतलेलं बरं.

पाच आकडे धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, पुढे हळूहळू दहापर्यंत. असं 8 ते 10 वेळा, मग थोडे झटपट आवळे, दिवसातून तीनदा, निदान 3 महिने. लघवी करताना मध्येच थांबवून सराव करायचा नाही, मूत्राशय नीट रिकामं होत नाही. अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड किगल यांनी 1948 साली हे व्यायाम मांडले, म्हणून नाव किगल. इतकं जुनं असून बाळंतिणीला डिंकाचे लाडू, शेक, मालिश सगळं मिळतं आणि हे कोणी सांगत नाही, याचा मला राग येतो.

मग मॅडमनी विचारलं, "घरी जड काय उचलता?" सोलापुरात हा काय प्रश्न झाला? नळाला पाणी काही दिवसांआड, आलं की घरभर धावपळ. खालच्या हौदातून बादल्या भरून वरच्या बॅरलमध्ये ओतायच्या. त्यांनी तिथेच वजन उचलायला लावलं. उचलण्याआधी आवळा, उचलताना तोंडाने श्वास सोडा, वजन अंगालगत ठेवा. आणि बादली अर्धीच भरा. घरी सासूबाईंनी विचारलंच, "अर्ध्या बादल्यांनी बॅरल कधी भरायचं गं?" बॅरल आता मुलगा भरतो.

झुंबाच्या सरांना "गुडघा दुखतो" एवढंच सांगितलं. उड्यांच्या जागी बाजूला पावलं, क्रंचेस (पोटाचा व्यायाम) बंद, त्याऐवजी ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), उठताना श्वास सोडत अर्धे स्क्वॅट (बैठका). संध्याकाळी कंबर तलावाकडे चालणं. गळलं किंवा खाली जड वाटलं की त्या दिवशी एक पायरी मागे यायचं. चहा कमी केला, पाणी नाही. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या घरात जातो, पाणी तोडलं तर लघवी गडद होऊन मूत्राशयाला जास्तच खुपते.

पहिला महिना काहीच फरक नाही, चिडचिड मात्र भरपूर. मग एकदा शेंगाचटणीसाठी मिरच्या भाजल्या आणि खकाणा उठला. शिंक येतेय म्हटल्यावर आधीच आवळून धरलं. शिंकले, कोरडी! दोरीवरच्या उड्या अजून नाहीत, पण बॅचमध्ये छोट्या उड्या मारते.

सासूबाईंना सांगितलं. त्यांचा प्रकार थोडा वेगळा निघाला. त्यांना एकदम घाई होते आणि न्हाणीपर्यंत दम निघत नाही. मॅडम म्हणाल्या, त्यावर लघवीच्या वेळा हळूहळू लांबवण्याचा सराव असतो, पण जळजळ किंवा रक्त असेल तर आधी डॉक्टर. वयाची अडचण नाही. सासूबाई यायला तयार आहेत, पण तीनदा विचारून झालंय, "तपासणारी बाईच आहे ना गं?"