सॅन स्टॉर्मचा सेल्फ खरखरतो तेव्हा

जुन्या गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) खरखर करायला लागला की पहिला सल्ला ठरलेला असतो: मोटर बदला. माझ्या सॅन स्टॉर्मच्या बाबतीतही एका गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच हेच सांगितलं. मला ते पटलं नाही. चावी फिरवल्यावर आवाज नेमका कधी येतो यावरून निम्मं निदान होतं, आणि तेच कुणी विचारलं नव्हतं.

स्टॉर्म आता फारशी दिसत नाही म्हणून सांगतो. दोन माणसांची, टप उघडणारी ही स्पोर्ट्स कार 1998 पासून आपल्या शेजारी गोव्यात बनायची. बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं 1149 सीसीचं. तेच इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगोमध्ये असायचं. माझी गाडी मालवणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. खारा वारा पत्र्याला खातो हे सगळ्यांना माहीत असतं. बॉडी फायबरची असली तरी नटबोल्ट, वायरींची टोकं आणि मोटरचा शाफ्ट लोखंड-तांब्याचेच, ते कुठे सुटतात?

तर आवाजाचं. नुसतं 'कट-कट-कट' आलं आणि इंजिन फिरलंच नाही, तर बहुतेक वेळा बॅटरी किंवा वायरिंग. मोटर 'सुंईऽऽ' करून नुसतीच फिरली तर बेंडिक्सचा, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरून पुढे सरकून इंजिनला पकडणाऱ्या भागाचा, एकाच दिशेला पकडणारा क्लच घसरतोय. चावी सोडल्यावरही खरखर राहिली तर पिनियन, म्हणजे बेंडिक्सच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, मागे येत नाही. आणि चावी फिरवल्या फिरवल्या 'खर्रर्र' होऊन मग इंजिन उचललं, तर पिनियन आणि फ्लायव्हील रिंगचे (इंजिनच्या जड चाकाभोवतीच्या दातेरी कड्याचे) दात एकमेकांत नीट बसत नाहीत. माझा आवाज हा शेवटचा, तोही दर वेळी नाही. मधूनच यायचा.

सुरुवात बॅटरीपासून केली, कारण त्याला मल्टिमीटर सोडून काही लागत नाही. उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत काटा राहायला हवा, मला जवळजवळ एक दिसला. फायबरच्या बॉडीतून करंट जात नाही, त्यामुळे या गाडीत अर्थिंगचा सगळा भार वायरींवरच. इंजिनकडच्या टोकाचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) उघडला तर आत हिरवी पूड. घासून, नवा लग दाबून, वरून व्हॅसलीन लावल्यावर सेल्फ जोमात फिरायला लागला. खरखर मात्र राहिली. पण एक संशयित तरी कमी झाला.

पुढचं काम कुडाळला, एमआयडीसीच्या बाजूला बसणाऱ्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला. त्यांनी तो डोळे मिटून दोनदा ऐकला आणि म्हणाले, "मोटर नको घेव. आधी दात बघया."

बॅटरीची वायर काढून सेल्फ उतरवला. व्हाइसमध्ये पकडून करंट दिला तर मोटर झकास फिरली, पण पिनियन बाहेर यायला अडखळत होतं. शाफ्टच्या तिरप्या खाचांत गंजाचा तांबूस लेप आणि त्यावर जुनं ग्रीस. क्लचप्लेटची धूळ त्यात मिसळून काळं, चिकट, वाळलेल्या फणसाच्या चिकासारखं झालेलं. कुणीतरी पूर्वी तिथे सढळ हाताने ग्रीस फासलं होतं. त्या खाचांना अगदी पातळ हात पुरतो, जास्त ग्रीस धूळ धरून ठेवतं. मी बेंडिक्स पेट्रोलमध्ये बुडवायला निघालो होतो, तोच काकांनी हात धरला. "तां बुडवू नको, आतलां ग्रीस धुवून जायत." एकेरी क्लचच्या आत कंपनीने भरलेलं ग्रीस असतं. ते गेलं की रोलर कोरडे पडतात.

पिनियनच्या दातांची पुढची कड झिजलेली होती, आणि शाफ्टला आधार देणारा तोंडाकडचा बुश इतका सैल की शाफ्ट बोटाने हलत होता. शाफ्ट तिरका झाला की दात तिरके भिडणारच.

मग रिंग. पुढचं एक चाक जॅकवर घेतलं, प्लग काढले, टॉप गिअर टाकला आणि चाक हाताने सावकाश फिरवत सेल्फच्या भोकातून टॉर्च मारून एकेक दात पाहिला. हे काम कुणीही टाळू नये असं मला मनापासून वाटतं. बहुतेक दात ठीक होते, पण समोरासमोर दोन जागी कडा चेपलेल्या. आवाज मधूनच का येतो ते तिथे कळलं. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे साधारण त्याच दोन जागी थांबतं, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर, आणि सेल्फचा पहिला मार तिथल्याच दातांना बसतो. नवी मोटर घातली असती तरी ती याच दातांवर आपटली असती.

बेंडिक्स आणि बुश बदलायचं ठरलं. बेंडिक्स शोधताना जुना नमुना हातात हवाच. नुसता दिसायला सारखा चालत नाही, दातांची संख्या आणि व्यास दोन्ही जुळावे लागतात. बुश बसवण्याआधी काकांनी रात्रभर ऑइलमध्ये भिजत ठेवला. मोटरला आतून करंट पोचवणारे कार्बन अजून लांब होते, तेच ठेवले. सेल्फचे बोल्ट बसवताना टेकणारी जागा घासून स्वच्छ केली, कारण मोटरचं अर्थिंग तिथूनच होतं.

आता चावी मारली की इंजिन एका दमात उचलतं. रिंगची ती दोन ठिकाणं आहेत तशीच आहेत, त्यामुळे कधीतरी हलकी खरखर येते. तशी आली की मी चावी लगेच सोडतो. इग्निशन बंद, टॉप गिअर, गाडी वीतभर पुढे ढकलायची, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचप्लेटच्या कामाला तो खाली येईल तेव्हाच नवी रिंग तापवून बसवू, असं काकांशी बोलून ठेवलंय.